मागून येणाऱ्याचा हक्क

गो-कार्टिंगला खेळ म्हणावे की नुसती करमणूक, यावर वाद होऊ शकेल. आम्हांला मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो, आणि तो पहिल्यांदाच गाडीत बसणाऱ्याला जास्त जाणवतो. आपल्यापेक्षा जो वेगवान आहे, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

आमच्या पिंपळीची पोरे शिकायला, नोकरीला पुण्यात असतात. त्यांच्या आग्रहाखातर आम्हीही तिथल्या छताखालच्या एका ट्रॅकवर जाऊन बसलो. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. भाड्याच्या कार्टची घडण अजून तशीच साधी आहे. गिअर नाही, स्प्रिंगा नाहीत. उजव्या पायाखाली ॲक्सिलेटर, डाव्या पायाखाली ब्रेक, आणि बसायचे जवळजवळ जमिनीलगत, त्यामुळे थोडा वेगही फार वाटतो. मागची दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असल्याने वळणावर ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत. म्हणून वेग वळणाआधीच, सरळ पट्ट्यात कमी करायचा असतो. नवखा माणूस वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो आणि गाडी घसरते.

सुरुवातीलाच केस, ओढणी, दुपट्टा नीट आत खोचायला सांगतात. कुणाला ही कटकट वाटते. पण २०१८ साली हरयाणातील पिंजोर येथे कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. आपल्या लेकीबाळी हौसेने अशा ठिकाणी जातात, जावेच. मात्र हे तपासल्याशिवाय गाडी सुरू होऊ देऊ नये.

आता मूळ मुद्दा. मागून वेगवान गाडी आली की मार्शल निळे निशाण दाखवतो. त्याचा अर्थ, तिला जाऊ द्या. नवख्याला यात अपमान वाटतो. मग तो आडवा येतो, नाहीतर घाबरून एकदम बाजूला वळतो. दोन्ही घातक. त्याने आपली रेषा धरून ठेवायची, पाय थोडा सैल सोडायचा, बस्स. धक्का न लावता पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची. म्हणजे संथ माणसालाही हक्क आहे, आणि कर्तव्य एवढेच की तो काय करणार हे दुसऱ्याला कळावे. आम्हांला ही वाटणी न्याय्य वाटते.

शिवाय अशा ठिकाणी बहुधा क्रमांक नसतोच, हातात येतो तो प्रत्येक फेरीच्या वेळेचा कागद. वाट दिल्याने काय गेले? गोल फिरण्याचे आमच्या भागात नवल नाही. तुकोबांची पालखी आमच्याच वाटेने पुढे जाते, काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवाडीला अश्वांचे रिंगण होते. तिथेही धाव असते, बक्षीस नसते.

पण कुणी विचारील, यात नैतिक ते काय? पुष्कळ ठिकाणी मार्शलच्या हाती रिमोट असतो, कळ दाबली की गाडी मंदावते. मालकाला त्याच्या गाड्यांची काळजी. सक्तीने पाळलेल्या अदबीत नियत कुठे आहे? आक्षेप खरा आहे, तरी तो आम्ही पुरता मान्य करीत नाही. लहान मुलाला आपण अर्थ कळण्याआधीच सलाम करायला शिकवतो. सवय आधी येते, नियत मागाहून तिच्यात उतरते. निदान उतरू शकते.

अडचण पुढे आहे. ट्रॅकवर निमूट वाट देणारी तीच पोरे बारामती-इंदापूर रस्त्यावर कुणी ओलांडू लागला की मोटारसायकल पिळतात. इथे रिमोट नाही. ओलांडणाऱ्याला अडवण्यासाठी वेग वाढवू नये, हा कायद्याचाही नियम आहे. तो पोरांना ठाऊक नाही, आणि घरात कुणी सांगत नाही. हदीसमध्ये रस्त्याचा हक्क सांगितला आहे, त्यात दुसऱ्याला त्रास न देणे येते. आपल्याकडे बयानात हुकूकुल इबादचा विषय निघतो तेव्हा उधार, वारसा, शेजारी यांवर बोलले जाते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस त्यात क्वचितच असतो.

आणि दोष एकट्या वेगवानाचा नाही. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या या रस्त्याने जातात, काहींच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. चालवणारा गरीब असतो, दिवसभराचा थकलेला असतो. त्याच्या संथ चालण्याला आमची हरकत नाही. पण मागच्याला तो दिसला तरी पाहिजे, आणि ट्रॉलीला पाचपन्नास रुपयांची लाल पट्टी लावणे हे काम मालकाचे आहे, त्या थकलेल्या माणसाचे नव्हे.