आमच्या तुरीतला रोही

गोरेवाड्याच्या सफारीत तृणभक्षी प्राण्यांच्या भागात बस थांबली. गाइडने डावीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "नीलगाय." सगळी बस डावीकडे कलली, मोबाइल वर झाले. माझी धाकटी मुलगी आजोबांच्या मांडीवर चढून काचेला नाक लावून पाहू लागली. बाबांनीही पाहिलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा तं रोही हाय. हा पाहायला नागपूरला आलो का आपण?"

लोक हसले. आम्हीही हसलो. मागच्या सीटवरच्या एका बाईंनी विचारलं, "काका, तुमच्याकडे दिसतो का?" बाबा म्हणाले, "दिसतो? अवो, आमच्या तुरीतच राहते तो."

आमचं गाव जानेफळ, मेहकर तालुक्यातलं. म्हणजे बुलडाणा जिल्ह्याच्या घाटावरचं. सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली पिकं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर फार जवळ आलंय. पहाटे निघालं की सफारीची सकाळची बस मिळते. दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा, बायको, दोन मुली आणि मी असे सहा जण निघालो. सकाळी सफारी आणि दुपारी शहराबाहेरच्या पाळण्यांच्या उद्यानात, असा बेत होता. आमच्या लहानपणी अशी सहल म्हणजे शेगाव. गजानन महाराजांचं दर्शन आणि मग आनंदसागर, तिथली झुकझुक गाडी. तिथे जाऊन आल्यावर आठवडाभर शाळेत दुसरं बोलणं नसायचं. त्यामुळे मुलींचा उत्साह मला कळत होता. त्याच्यावर विरजण घालायला हा लेख लिहीत नाही. दिवस छान गेला. धाकटी गोल फिरणाऱ्या पाळण्यात रडली, मोठी तीनदा बसली, आईने आयुष्यात पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसून दोन्ही डोळे मिटून घेतले. पण रोहीपाशी झालेलं बाबांचं ते वाक्य मी परतताना बरोबर घेऊन आलो, आणि ते अजून गेलेलं नाही.

आमच्याकडे रोही म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आशियातलं हे सगळ्यांत मोठं कुरंग. खरं तर ते हरणांपेक्षा गाईच्याच जवळचं. नर राखाडी-निळा, मादी भुरकट. मोठा नर घोड्याएवढा दिसतो. कळप रात्री वावरात शिरला की जेवढं खातो त्याहून जास्त तुडवतो. तूर फुलावर असताना शेंडे खातो, हरभऱ्याचे घाटे भरले की घाटे. म्हणून माणसं जागलीला जातात. धुऱ्यावर शेकोटी, हातात बॅटरी, एखादा पत्र्याचा डबा वाजवायला. बाबा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि कार्तिक ते माघ बहुतेक रात्री वावरातच असतात. पंचनामा होतो, नुकसानभरपाईही मिळते. पण जागलीचा पंचनामा होत नाही. झोपमोडीची, थंडीची, दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये नसते.

तेव्हा ज्या जनावरामुळे हा माणूस चाळीस वर्षं धड झोपला नाही, ते त्याला मी तिकीट काढून दाखवायला नेलं होतं.

यातला विनोद उघड आहे आणि शहरी माणसाच्या ढोंगाकडे बोट दाखवून इथेच थांबता येईल. आमच्याकडे पारावर हेच चालतं: "त्यांना काय जातं सांगायला?" २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, एकाच मंत्रिमंडळात असून जाहीरपणे एकमेकांच्या विरोधात बोलले. एकाने राज्याच्या मागणीचा आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा दाखला दिला, दुसऱ्यांनी हत्येच्या हौसेचा आरोप केला. आमच्या गावात त्या वेळी सगळे अर्थातच पहिल्या बाजूचे. मी शिक्षक. मी स्टाफरूममध्ये एका बाजूने बोलायचो आणि पारावर दुसऱ्या.

पण ढोंगाचा आरोप करायचा तर मला आधी माझ्यावर करावा लागेल.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हरभरा घाट्यावर होता. बाबांना ताप होता आणि जागलीची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. मी एक रात्र गेलो, दुसऱ्या रात्री मोटारीच्या पेटीतून वायर काढली, खालच्या धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडला आणि घरी येऊन झोपलो. गावात असं करणारे इतर होते, कसं करायचं ते मला माहीत होतं. सकाळी जाऊन पाहिलं तर एक मादी पडली होती आणि तिचं पिल्लू चार-पाच तासांवर उभं होतं. माणूस पाहून पळायला हवं, ते पळत नव्हतं. मी फ्यूज काढला आणि बाबांना बोलावून आणलं. तापात ते आले. त्यांनी मला काही म्हटलं नाही. दोघांनी मिळून खड्डा केला, दुपारपर्यंत पुरलं. वायर गुंडाळून घरी आणताना ते एकच वाक्य बोलले: "त्या धुऱ्यावरून शेजारचा गडी रात्री पाणी द्यायला जाते."

शेतीपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीने असते. शेजाऱ्यांची पाळी त्या आठवड्यात दिवसाची होती. म्हणून तो गडी जिवंत आहे. विदर्भात अशा तारांनी वाघ मेलेत, माणसंही मेलीत. कित्येकदा तार लावणारा स्वतःच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वर्गात ते मी शिकवतो.

तर प्रश्न असा, की मी नेमकं काय चुकीचं केलं? माणसाला धोका, हे झालंच. तेवढ्यापुरतं उत्तर सोपं आहे. पण समजा त्या धुऱ्यावरून कुणीच जात नसतं. समजा फक्त रोहीच मेली असती. मग?

एक उत्तर असं, की जीव तो जीव. हे उत्तर मला पटतं, पण पुढे नेत नाही. वावर आमचं पोट आहे. पीक राखणं पाप असेल तर शेती करणंच पाप, आणि मग सफारीच्या बाहेर आम्ही खाल्लेली पोळीसुद्धा. इथे मला तुकोबांची ती आख्यायिका आठवते. कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली आहे. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला बसवलं. पाखरं आली. तुकोबांनी ती हाकलली नाहीत, भुकेल्यांना कसं उठवायचं म्हणून. मालकाने येऊन पाहिलं तर कणसं रिकामी. पंचांपुढे वाद गेला. पुढे देवाने रास वाढवून दिली आणि सगळे गप्प झाले. लहानपणी या गोष्टीत मला तुकोबांची दया दिसायची. आता मोठेपणी मला तो शेतकरी दिसतो. शेत त्याचं होतं. दया तुकोबांची, दाणे त्याचे. देव मध्ये पडला म्हणून गोष्ट निभावली. रास वाढवून देणारा कुणी नसेल तर भुकेल्या पाखराचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा, हे आख्यायिका सांगत नाही. तुकोबांवर टीका म्हणून हे म्हणत नाही, त्यांनी स्वतःच्या घरातलं तरी काय राखून ठेवलं? पण आपण बाकीचे लोक तुकोबांची दया घेतो आणि शेत मात्र दुसऱ्याचं वापरतो.

सफारीच्या बसमध्ये आम्ही तेच करत होतो. तिथला रोही कुणाचंच खात नव्हता, त्याला चारा येत होता. म्हणून तो सुंदर दिसत होता. आणि तो खरोखर सुंदर दिसत होता, हेही सांगितलं पाहिजे. दिवसाउजेडी, न पळणारा, मान वळवून पाहणारा रोही मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात आणि मग खुरांचा आवाज, एवढीच आमची ओळख. बाबाही, ते वाक्य बोलून झाल्यावर, बस निघेपर्यंत त्याच्याकडेच पाहत होते. नंतर म्हणाले, "अंगानं कमी भरलाय. तूर नसंल भेटत."

पुढे वाघाच्या भागात गेलो. २६ जानेवारी २०२१ला हे प्राणी उद्यान लोकांसाठी सुरू झालं, पण त्याच्या आधीपासून गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. जखमी, अनाथ आणि 'संघर्षातले' प्राणी तिथे आणतात. संघर्ष म्हणजे माणसाशी. डिसेंबर २०२४मध्ये त्या केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. जंगलाच्या कडेला माणसांत आलेले म्हणून चंद्रपूरकडून आणलेले वाघ, पिंजऱ्यात पक्ष्यांच्या रोगाने मेले. आणलं नसतं तर कदाचित आणखी माणसं गेली असती, त्यामुळे आणणाऱ्यांना दोष देणं मला जमत नाही.

वाघाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एक अनुभव आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, रेडिओ कॉलर लावलेला, जून २०१९मध्ये निघाला. तेलंगणात जाऊन, नांदेड, हिंगोलीकडून, शेतांतून, रस्ते ओलांडत, तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात तो आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी भटकंती धरली तर तीन हजार किलोमीटरच्या वर. पुढे जगभर त्याचं नाव 'वॉकर' झालं. एवढ्या वाटेत त्याने माणसाला इजा केली ती एकदा, तो झुडपात झोपलेला असताना लोक आत शिरले तेव्हा. ज्ञानगंगा जेमतेम दोनशे पाच चौरस किलोमीटर, आणि तिथे तो एकटाच वाघ. मादी नाही. ती आणून सोडावी का, त्यालाच हलवावं का, यावर वनखात्यात बराच खल झाला.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात लोक अंधार पडल्यावर वावरात जायला घाबरत होते. मीही बाबांना अडवलं. ते म्हणाले, "येऊ दे की वाघ. रोही तरी कमी होतील." थट्टेत म्हणाले, पण शास्त्राला धरून होतं. वाघ रोही खातो, रोही आमची तूर खातो. मधला एक गडी काढला की त्याचं काम आमच्यावर येतं. आमची जागल म्हणजे एका अर्थी गैरहजर वाघाची बदली पाळी. हे मी विनोदाने लिहायला गेलो, पण लिहिल्यावर मलाच ते खरं वाटतंय.

आता माझ्या चुकीकडे परत येतो. जागलीला बसलेला माणूस आणि वावराच्या कडेला उभा असलेला रोही यांच्यात भांडण असतं. तो ओरडतो, ते थबकतं. तो गोफण फिरवतो, ते उडी मारून पलीकडे जातं, तासाभराने दुसरीकडून येतं. दोघंही जागे असतात. त्यात रोहीला मागे फिरायला जागा असते आणि माणसाला, समोर कोण आहे हे पाहून हात आवरायला. मी लावलेल्या तारेत दोन्ही नव्हतं. तिला समोर मादी आहे की पिल्लू, की शेजारचा गडी, हे कळत नव्हतं आणि मी झोपलो होतो. मला वाटतं माझा अपराध तिथे आहे. मारण्याचा निर्णय मी घेतला, आणि तो अमलात येताना मी तिथे हजर नव्हतो. झोपेसाठी मी एक जीव दिला, तोही न पाहता.

हे मांडल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे बाबांनी थंडीत बसावं आणि तुम्ही त्याला तत्त्वज्ञान म्हणावं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागलीत काही नैतिक आहे असं मला वाटत असेल, तर ती दुसऱ्याने करावी हे म्हणणं पुन्हा तेच, दया माझी आणि दाणे त्यांचे. रोही जगावा असं ज्याला वाटतं त्याने रात्र वाटून घ्यायला हवी. बसमधल्या त्या बाईंनी कशी वाटून घ्यावी, मला सांगता येणार नाही. कदाचित कराच्या पैशातून. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदानाची योजना आहे, ती म्हणजे तेच असेल. माझ्यापुरतं मात्र सांगता येतं.

परत आल्यावर आम्ही झटका मशीन घेतलं. सौर पट्टी, बॅटरी आणि तार. त्यात करंट सलग नसतो, क्षणभराचा झटका येतो आणि थांबतो. जनावर दचकून मागे फिरतं. दुकानदाराने तार जोडून दाखवली तेव्हा बाबांनी पहिल्यांदा स्वतःचा हात लावून पाहिला. मग मला लावायला लावला. त्यांना आठ वर्षांपूर्वीचं आठवत होतं का, मी विचारलं नाही. झटका चांगला जोरात बसतो.

तरी जागल सुटली नाही. तारेवर गवत टेकलं की झटका कमी होतो, ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते, आणि बेरकी नर एक उडी मारून आत येतो. शुक्रवार-शनिवार मी जातो. मोठी मुलगी एकदा बरोबर आली होती, सफारीतला तोच का म्हणून विचारत राहिली आणि दहाच्या आत घोंगडीत झोपली. बाकीच्या पाच रात्री बाबाच असतात.