साधनाची खूण

एखादी वस्तू चांगली आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्यातील नेमके काय चांगले ठरवीत असतो? ती ज्या द्रव्याची केली ते द्रव्य, ती ज्या हेतूने केली तो हेतू, की ती ज्या रीतीने घडली ती रीत? नीतिशास्त्रात हा प्रश्न बहुधा माणसाच्या कृतीविषयी विचारला जातो. आम्ही तो येथे एका निर्जीव वस्तूविषयी विचारू इच्छितो. तिच्यावर 'निसर्गस्नेही' अशी मोहोर असते आणि त्या मोहोरेच्या भरवशावर आपली जबाबदारी संपली, असे आपण मानू लागलो आहोत. ही वस्तू म्हणजे जैवविघटनशील प्लास्टिक, जिवाणू ज्याला कुजवू शकतात असे प्लास्टिक.

याचे कूळ जुने आहे. आपले शरीर जशी चरबी साठविते, तसे काही जिवाणू आपल्या पेशीत लांब साखळीसारख्या रेणूंच्या एका पदार्थाचे कण साठवितात, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मोरिस लम्वान्य यांना 1926 च्या सुमारास आढळले. त्या पदार्थास आज पीएचबी म्हणतात. दुसरा प्रकार पीएलए या नावाचा. मका किंवा ऊस यांची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवितात, आणि त्या आम्लाचे रेणू एकापुढे एक जोडून हे प्लास्टिक करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल तेच. द्रव्य पाहिले तर दोन्ही निरुपद्रवी.

परंतु द्रव्य सांगितले म्हणजे वस्तू सांगून झाली असे होत नाही. वसईचे किंवा उरणचे मिठागर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी सावकाश उडाले तर मिठाचा दाणा मोठा धरतो. घाईने उडाले तर बारीक पडतो. समुद्र तोच, मीठ तेच; दाणा मात्र वेगळा. येथे पाणी हे द्रावक आहे. ते स्वतः निघून जाते, पण किती वेळ थांबले याची खूण दाण्यात ठेवून जाते.

प्लास्टिकाच्या साखळ्या मिठाच्या कणांपेक्षा फार लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. जेथे त्या नीट रांगेत बसतात तेथे स्फटिक होतो. जेथे गुंता राहतो तेथे होत नाही. म्हणून असा पदार्थ कधीच पूर्ण स्फटिकमय नसतो. त्यात सुबक आणि विस्कळीत असे दोन्ही भाग शेजारी नांदतात. त्यांचे प्रमाण काय राहील हे ठरविण्यात द्रावकाचा मोठा हात असतो. काचेसारखी पारदर्शक असलेली पीएलएची पट्टी साध्या खोलीच्या उष्णतेत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवली तर ती पांढुरकी होते. एरव्ही साठ अंशांच्या आसपास तापविल्याखेरीज या साखळ्या हलत नाहीत, गोठल्यासारख्या असतात. ॲसिटोनचे लहान रेणू त्यांच्यामध्ये शिरून त्यांना सैल करतात. मोकळीक मिळताच त्या रांगा धरतात. पुढे ॲसिटोन उडून गेले तरी रांगा मोडत नाहीत.

यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे वाचक विचारतील. तो असा की, ही वस्तू कधी नाहीशी होईल हे बऱ्याच अंशी या रांगांवर अवलंबून असते. पाणी आणि जिवाणूंची विकरे विस्कळीत भागात आधी शिरतात. घट्ट स्फटिक मागे राहतात. नेदरलँड्समधील काही रुग्णांच्या मोडलेल्या गालफडाच्या हाडास याच पीएलएच्या पट्ट्या बसविल्या होत्या. त्या शरीरात विरून जाव्यात, पुन्हा शस्त्रक्रिया लागू नये, हा हेतू सर्वथा दयेचा होता. तथापि तीन वर्षांहून अधिक काळाने काहींच्या गालावर सूज आली, आणि पाच वर्षे उलटून गेल्यावरही स्फटिकमय अवशेष शिल्लक होते, असे त्या वैद्यांनी 1995 साली प्रसिद्ध केले. येथे कारण द्रावक नव्हते. त्या पट्ट्या मुळातच अतिशय स्फटिकमय होत्या. पण धडा तोच: हेतू निर्मळ, द्रव्य निर्दोष, आणि तरीही घडणीने आपला हिशेब मागितला.

साधनाची दुसरी खूण वस्तूबाहेर उमटते. जिवाणूंच्या पेशीतून पीएचबी वेगळे काढण्याची प्रयोगशाळेतील जुनी आणि सोपी रीत म्हणजे ते क्लोरोफॉर्ममध्ये विरघळविणे. क्लोरोफॉर्म यकृताला अपाय करते, आणि त्यापासून कर्करोगाचा संभव मानला जातो. औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमात ते दशलक्ष भागांत साठ भागांहून अधिक राहू देत नाहीत. रुग्णाच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे. पण जो कामगार त्या वाफेजवळ उभा राहतो, त्याचे काय? पृथ्वीला न दुखविणारी वस्तू माणसाला दुखवून काढली, तर तिच्यावरील मोहोर खरी ठरते काय? पेशीचे आवरण विकरांनी पचवून क्लोरोफॉर्म टाळण्याच्या रीतीही शोधल्या गेल्या आहेत. म्हणजे निवड करता येते, आणि जेथे निवड आहे तेथे जबाबदारी आहे.

कोणी म्हणेल, हा काथ्याकूट आहे. साध्या प्लास्टिकापेक्षा हे बरे, एवढे पुरे. यातील सत्य आम्ही नाकारीत नाही. पेल्यात वाफाळता चहा ओतावयाचा तर पीएलए मुद्दाम अधिक स्फटिकमय करावे लागते, नाहीतर पेला मऊ पडेल. तेथे दोष कारागिराचा नाही. हातात असेपर्यंत वस्तू टिकावी आणि फेकताक्षणी नाहीशी व्हावी, अशी परस्परविरोधी मागणी आपणच करतो. निर्दोष साधन या जगात क्वचितच मिळते. म्हणूनच साधनाविषयी खरे बोलण्याचे कर्तव्य अधिक कठोर होते.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यानंतर 'कंपोस्ट होणारी' असे छापलेल्या पिशव्या आणि ताटल्या बाजारात सहज दिसू लागल्या. त्या शब्दामागे एक कसोटी आहे: सुमारे अठ्ठावन्न अंश उष्णता राखलेल्या खतात 180 दिवसांच्या आत नव्वद टक्के विघटन. वाडीतील नारळाच्या बुंध्याशी किंवा खाडीच्या गाळात ती उष्णता नसते. तेथे पडलेला पीएलएचा पेला वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. छापलेला शब्द खोटा नसतो. पण ज्या अटीवर तो खरा, ती अट सहसा छापलेली नसते. अर्धे सत्य सांगून ऐकणाऱ्याला निश्चिंत करणे ही फसवणूकच होय, मग त्यात एकही असत्य शब्द नसो.

तेव्हा आमच्या मते उत्तर असे: वस्तूचा चांगुलपणा तिच्या द्रव्यात किंवा हेतूत पुरा होत नाही, तिच्या घडणीची रीत आणि तिच्या शेवटाची सोय हीदेखील त्यात मोडतात. करणाऱ्याने ती कशी घडली हे सांगावे. विकणाऱ्याने ती कोठे कुजेल हे सांगावे. आणि लग्नाच्या मांडवात अशा ताटल्यांचा ढीग मागविणाऱ्या आपण, जेवणावळ उठल्यावर त्या कोठे जाणार आहेत, हे मागविण्याआधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर धुऊन पुन्हा वापरता येणारी ताटे भाड्याने मिळतात. ती घासण्याचे कष्ट आहेत खरे. पण त्या कष्टांत कोणापासून काही लपविलेले नाही.