सणाची तारीख आणि आपली सुटी



गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्याच धर्मग्रामातला, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण आम्हाला भेटायला आला. चहा झाल्यावर त्याने मोबाईल काढला आणि एक यादी दाखवली. रिओचा कार्निव्हल, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, त्रिशूरचा पूरम, नागालँडचा हॉर्नबिल, पुष्करचा मेळा आणि शेवटी जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावचे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्य, २०३०. कोणत्या वर्षी कोणता सण, रजा किती लागेल, व्हिसाचा अर्ज कधी करायचा, दरमहा किती पैसे बाजूला टाकायचे, सगळे लिहून ठेवलेले. आम्हाला कौतुकच वाटले. सेमिनरीतल्या परीक्षांसाठीही आम्ही कधी एवढे नियोजन केले नव्हते. मग तो जरा थांबून म्हणाला, "फादर, यात काही चुकीचं तर नाही ना? आई म्हणते, लोकांच्या सणाला पैसे उधळतोस आणि घरच्या सणाला तोंड दाखवत नाहीस."

आम्ही तेव्हा पुस्तकातले उत्तर दिले. संत थॉमस अक्विनास म्हणतात की जाणून घेण्याची ओढ चांगली, तो एक सद्गुणच आहे. पण नुसते पाहण्यासाठी पाहत सुटणे, ज्यातून ना आपले भले होते ना शेजाऱ्याचे, हा दोष आहे. डोळ्यांचे भटकणे म्हणा ना. तरुणाने मान डोलावली आणि तो गेला. उत्तर चुकीचे नव्हते, पण आमचे आम्हालाच ते अर्धवट वाटत राहिले. त्यात पाहणाऱ्याचा विचार होता. ज्याचा सण, तो माणूस त्यात कुठेच नव्हता.

चिखलदरा आपल्या सवडीने पाहता येतो. या शनिवारी जमले नाही तर पुढच्या शनिवारी. सणाचे तसे नाही. ईस्टर २०२४ साली ३१ मार्चला आला आणि २०२५ साली २० एप्रिलला, कारण वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरायचा असतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. दसरा पंचांग सांगेल त्या दिवशी. सणाला जायचे तर आधी दुसऱ्याचे कॅलेंडर उघडावे लागते आणि आपली सुटी त्याच्या तारखेला बसवावी लागते. जोसेफ पीपर नावाच्या जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञाने १९६३ साली सणावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा एक मुद्दा आम्हाला फार पटतो. माणूस रोषणाई करू शकतो, मिरवणूक काढू शकतो, जेवणावळ घालू शकतो. पण ज्या कारणासाठी हे सगळे करायचे ते कारण त्याला तयार करता येत नाही, ते त्याला मिळालेले असावे लागते. तिकीट काढून आपण रोषणाईपर्यंत पोचतो. त्या कारणापर्यंत पोचतो का, हा खरा प्रश्न.

हे समजायला रिओपर्यंत जायची गरज नाही. कोलकात्याच्या खालोखाल आपलाच दुर्गोत्सव, असे आपण यवतमाळकर छाती पुढे काढून सांगतो. त्या कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोने २०२१ च्या डिसेंबरात मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडेही नवरात्रात संध्याकाळ झाली की खेड्यापाड्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून माणसे लोटतात. म्हणजे जगातले लोक जसे कुठे कुठे सण पाहायला जातात, तसे आपल्या दारातही येतात. आणि ख्रिस्ती असूनही त्या नऊ दिवसांत आपण गावकरी या नात्याने थोडे यजमानच असतो. एका वर्षी मंडळाची मुले आली, "फादर, कंपाउंडात गाड्या लावू द्या" म्हणाली. आम्ही फाटक उघडून दिले. रात्री अकरापर्यंत लोक पाणी मागत होते, मुलांसाठी बाथरूम विचारत होते, एक म्हातारी चपला हातात घेऊन पायरीवर बसून राहिली होती. त्या रात्री आम्ही देखावा एकही पाहिला नाही, पण सण काय असतो ते मात्र थोडे पाहिले. आपल्या धर्मग्रामातला एक ऑटोवाला त्या दिवसांत आम्हाला म्हणाला होता, "नऊ दिवस लाइटिंग मी आरशातच पाहतो, फादर. गर्दी समोर, रोषणाई मागं." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या नऊ रात्रींत त्याची दिवाळीची कपडेखरेदी निघते.

प्रत्येक मोठ्या सणाच्या मागे असा आरशात पाहणारा माणूस असतो. पहाटे रस्ता झाडणारा, लॉजमध्ये चादरी बदलणारी, बंदोबस्ताला उभी असलेली पोलीस शिपाई. जो सण पाहायला जातो त्याने यांच्याकडे पाहिलेच नाही, तर त्याने सणाचा दर्शनी भाग तेवढा पाहिला.

त्या तरुणाच्या यादीतल्या ओबरामरगाऊविषयी थोडे सांगतो, कारण तिथे ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. १६३३ साली त्या गावात प्लेगने माणसे मरत होती. गावाने नवस केला की यातून वाचलो तर दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करू. पुढच्याच वर्षी, १६३४ मध्ये, पहिला प्रयोग झाला आणि तो नवस आजही फेडला जात आहे. २०२० चा प्रयोग करोनामुळे होऊ शकला नाही, तो २०२२ साली झाला. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचे. रंगमंचावर उभे राहायचे तर त्या गावात जन्म झालेला हवा किंवा तिथे वीस वर्षे राहिलेले असायला हवे. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून पुरुष केस-दाढी वाढवू लागतात. मग तो सुतार असो की डॉक्टर. जगभरातून लाखो लोक पाच तास बसून ते पाहतात. प्रेक्षकासाठी तो प्रवास असतो, गावासाठी पूर्वजांनी दिलेला शब्द असतो. जुने आहे म्हणून सगळेच निर्दोष, असेही नाही. त्या नाट्यात यहुदी लोकांविषयी विष होते. १९३४ साली हिटलर ते पाहायला आला आणि खूश झाला. अलीकडच्या दशकांत गावाने संहिता पुष्कळ बदलली. पाहुणा म्हणून जाणे याचा अर्थ समोर दिसेल त्याला टाळ्या वाजवणे असा होत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, पण ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन साधारण दहा वर्षांनी होते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. आपल्या चर्चमधून बस नेण्याचे आम्ही ठरवले. तारीख काढली नाताळानंतरची: शाळांना सुटी, शिक्षक-नर्सबाई मोकळ्या, आम्हीही नाताळाच्या गडबडीतून सुटलेले. मिस्साच्या शेवटी सूचना वाचली, "यात्रा सर्वांसाठी आहे." बस भरली. दर्शन उत्तम झाले, परतताना गाडीत जपमाळ झाली, गाणी झाली. सगळ्यांनी आमचे आभार मानले आणि आम्हीही मनातल्या मनात स्वतःचे मानले.

जानेवारीत घरांना आशीर्वाद द्यायला आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा ध्यानात आले की तिथली बहुतेक घरे बसमध्ये नव्हती. आम्हाला वाटले, भाड्याचा प्रश्न असेल. तसे विचारले तर एक बाई कापसाची ओटी सोडता सोडता म्हणाली, "पैशाचं पाहू होतो आमी कसंबी. पन तुमी तारीख काहाडली तवाच आमचं नाव कटलं. नाताळाच्या सुटीत कापूस काय सुटीवर जाते का, फादर?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. डिसेंबरात बोंडे फुटलेली असतात, हातचे चार दिवस गेले तर ते परत येत नाहीत. हे या जिल्ह्यातल्या पोरालाही कळते. दर्शन दीड महिना चालू होते, तारीख निवडायला पुष्कळ वाव होता. निदान वस्तीवर जाऊन विचारायला हवे होते. आम्ही विचारले शाळेच्या कॅलेंडरला. संताने तारीख ठरवली नव्हती, आम्ही ठरवली होती. आणि तारीख ठरवताना कोण येणार आणि कोण राहणार हेही ठरवून टाकले होते. वर "सर्वांसाठी" असे वाचून दाखवले होते.

त्यानंतर आम्ही जुन्या करारातला अनुवाद ग्रंथाचा सोळावा अध्याय पुन्हा काढून वाचला. इस्राएल लोकांनी वर्षातून तीनदा यात्रेला जायचे: वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते, पण शेतकऱ्याच्या नजरेने वाचले नव्हते. वल्हांडण सातूच्या कापणीच्या सुमाराला, सप्ताहांचा सण गव्हाच्या, मांडवांचा सण खळे आणि द्राक्षकुंड आटोपल्यावर. तिन्ही तारखा शेताला विचारून ठेवल्यासारख्या. आणि सणात कोणाला बरोबर घ्यायचे तेही नावे घेऊन सांगितले आहे: मुलगा-मुलगी, दास-दासी, लेवी, परका, पोरका, विधवा. नियोजन करणारा कोणाला विसरेल हे नियमशास्त्राला आधीच ठाऊक होते. निर्गम ग्रंथात तर याहून व्यवहाराची गोष्ट आहे. यात्रेला गेल्यावर मागे आपल्या जमिनीवर कोणी डोळा ठेवील ही भीती लोकांना होती, आणि परमेश्वराने त्याचीही हमी दिली.

परका हा शब्द वाचताना आम्हाला संत योहानाच्या शुभवर्तमानातले ते ग्रीक लोक आठवले. वल्हांडणाला ते यरुशलेमला आले होते. सण त्यांचा नव्हता, भाषा त्यांची नव्हती. त्यांनी फिलिपला गाठले, विनंती केली की आम्हाला येशूला भेटायचे आहे. फिलिपने अंद्रियाला सांगितले आणि दोघांनी प्रभूला. त्यांची भेट झाली की नाही हे योहान लिहीत नाही. प्रभू एकदम जमिनीत पडणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलू लागतो. पण त्या परदेशी माणसांची रीत पाहा. गर्दीत घुसून ते पुढे गेले नाहीत. ज्याचा सण आहे अशा एकाला त्यांनी आदराने विचारले. आणि ते उपासनेला आले होते, हे योहान आवर्जून नोंदवतो.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आपल्याकडे शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य, हात जोडणे आणि लगेच कामाला लागणे. तो सण पाहायला कोणी रजा काढून येत नाही, कोणाच्या यादीत तो नाही. वस्तीवरच्या बाया सांगतात की त्या दिवशी मालकीण आणि मजूर एकाच बांधावर बसून खातात. आम्ही या जिल्ह्यात इतकी वर्षे आहोत आणि तो एकदाही पाहिला नाही.

त्या तरुणाशी अलीकडे फोनवर बोलणे झाले. आमचा बसचा किस्सा त्याला सांगितला. त्याने यादी रद्द केलेली नाही आणि आम्हीही तसे सुचवले नाही. ओबरामरगाऊ कायम आहे. फक्त त्याने विचारले, "फादर, तिथं हॉटेलऐवजी गावातल्या कुणाच्या घरी राहता येईल का?" आम्ही म्हटले, पत्र लिहून विचार. आणि यंदा नवरात्रात दोन दिवस काढून घरी येतोय, असे आईला कळवल्याचे त्याने सांगितले. कंपाउंडात गाड्या लावायला आम्हाला माणूस हवाच आहे.

वेलंकणीच्या यात्रेविषयी बरेच जण विचारत आहेत. मातेचा सण ८ सप्टेंबरला, ध्वज २९ ऑगस्टला चढतो. तेव्हा आपल्याकडे निंदणी-खुरपणी असते आणि कधी कधी पोळाही त्यातच येतो. सणाच्या दिवशीच जायचे की कापूस घरात आल्यावर, गर्दी नसताना जायचे, हे आम्ही ठरवलेले नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर वस्तीवरच्या बाया सभागृहात बसणार आहेत. कॅलेंडर आणि पेन टेबलावर ठेवलेले असेल. ज्यांना शाळेच्या सुट्या सांगायच्या आहेत त्यांनी त्यांच्यानंतर यावे.