धूर आहे, पण डोंगर कोणता?

माझी सारी नोकरी तर्कशास्त्र शिकवण्यात गेली, आणि त्यातली बरीचशी एकाच डोंगरावर. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उघडला की तो समोर उभा राहतोच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. मुलं विचारायची, “सर, एवढं कळायला इतका खटाटोप?”

जून 2023मध्ये मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. 7 तारखेला भर दुपारी आकाश नारिंगी झालं, खिडक्या लावूनही घरात जळक्या लाकडाचा वास येत होता. धूर डोळ्यांपुढे होता, पण डोंगर कुठेच नव्हता. आगी लागल्या होत्या हजारएक किलोमीटर उत्तरेला, कॅनडातल्या क्वेबेकच्या जंगलांत. नातवाने लॅपटॉपवर उपग्रहचित्रं दाखवणारं नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ हे संकेतस्थळ उघडलं. क्वेबेकवर लाल ठिपके, तिथून निघून आमच्या डोक्यावर आलेला करडा पट्टा. तो म्हणाला, “आजोबा, आता अनुमान कशाला? आग दिसतेच आहे की!”

खरंच दिसते का? तो ठिपका म्हणजे ज्वाळेचा फोटो नव्हे. उपग्रहावरचं ‘व्हीअर्स’ हे उपकरण सुमारे 375 मीटरच्या एकेका चौकोनातून येणारं अवरक्त प्रारण मोजतं. चौकोन आजूबाजूपेक्षा फार तापलेला निघाला, की संगणक तिथे आग मानतो. तेलविहिरीवर जळणाऱ्या वायूनेही ठिपका पडतो. उलट दाट ढग आड आला तर आग असूनही पडत नाही. म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान मिळालंच नाही. धुराच्या जागी उष्णता आली, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचं ती, न्यायाच्या भाषेत ‘हेतू’, तेवढी बदलली. अनुमान होतं तिथेच राहिलं.

केशवमिश्राने ‘तर्कभाषे’त डोंगरावरच्या धुराला एक अट घातली आहे: धुराची रेघ बुडापासून अखंड हवी. वर्गात मी ही अट घाईने उरकत असे, कारण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नसे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्रविषयक संस्थेतले विश्लेषक मात्र रोज तिच्याशीच झगडतात. भूस्थिर उपग्रहाची दर काही मिनिटांनी येणारी चित्रं ते पुढेमागे फिरवतात, धूर आणि ढग यांची चाल वेगळी ओळखतात, धुराच्या कडा नकाशावर आखतात. बुडापासून तुटून वाऱ्यावर निघालेल्या धुराला पुन्हा बूड जोडून द्यायचं, असं ते काम आहे.

आणि तो धूरच नसला तर? जानेवारी 2022मध्ये मुंबईवर असाच मळकट पडदा आला होता. ती पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेली धूळ होती. गाड्यांवर पांढरट थर बसला होता. धुळीतली खनिजं अवरक्त चित्रात आपला ठसा उमटवतात, जंगलाच्या धुराचे बारीक कण त्या चित्रात जवळजवळ पारदर्शक ठरतात. त्यावरून दोन्ही वेगळे काढता येतात. तत्त्वज्ञ श्रीहर्षाने बाराव्या शतकात नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, नेमकं इथेच पकडलं होतं. डोंगरावरच्या वाफेला कुणी धूर समजला, आग आहे म्हणाला, आणि योगायोगाने तिथे खरोखरच आग निघाली, तर त्याला ज्ञान झालं म्हणायचं का? 1963मध्ये एडमंड गेटियरने तीन पानांच्या निबंधात याच जातीचा प्रश्न मांडून पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची झोप उडवली.

माझं उत्तर असं: नाही. निष्कर्ष खरा ठरला म्हणून वाटेतली चूक माफ होत नाही, कारण पुढच्या वेळी हाच माणूस तितक्याच खात्रीने फसेल. ज्याने रेघ बुडापर्यंत तपासली, त्याचं म्हणणं कधी खोटं निघालं तरी कुठे बिघडलं ते त्याला शोधता येईल. योगायोगाने बरोबर आलेल्याला तेही जमणार नाही.

आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं म्हणून आपण गावगप्पांत कुणाचीही अब्रू धुळीला मिळवतो. म्हण खोटी नाही. पण ती फक्त आग आहे एवढंच सांगते. कुणाच्या घरात, हे सांगत नाही. ते घर आपण आपल्याच मनाने ठरवतो आणि जबाबदारी म्हणीवर ढकलतो.