थांबावे

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची जुनी जीप उभी आहे. उंच बॉनेट, डावीकडं स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी. आजोबांनी ती घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आम्ही पोरं तिच्यात बसून तोंडानं गाडी चालवायचो. पाहुणे आले की घरातली मोठी माणसं एक ठरलेली गोष्ट सांगायची. "बहात्तरच्या दुष्काळात एक बागाईतदार अडला होता. आमच्या आबांनी जीप घेऊन त्याला मोकळा केला." ऐकून आमची छाती फुगायची.

मागच्या वर्षी जुन्या गाड्या घेणारा एक जण पुण्याहून आला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आई खालीच बसली. फक्त त्याला गाडीचा आगापिछा हवा होता, आधी कुणाकडं होती, कुठं फिरली. म्हणून ट्रंकेतलं आर. सी. बुक काढलं.

गाडीचं आर. सी. बुक म्हणजे जमिनीच्या फेरफारासारखंच. एक नाव कमी झालं, दुसरं लागलं, तारीख, शिक्का. पहिली नोंद १९५८ची. महाराष्ट्र व्हायचा होता, मुंबई राज्य होतं, म्हणून नंबर 'बी'नं सुरू होणारा. पहिला मालक पुण्यातला ठेकेदार. त्या पत्त्यावर आता पाच मजली इमारत आहे, वॉचमनला काही ठाऊक नव्हतं. दुसरा फलटणकडचा. त्याच्या नातवानं जीपला टेकून उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो दाखवला, चहा पाजला. तिसरं नाव माण तालुक्यातलं. चौथं आबांचं, फेब्रुवारी १९७३.

माणमधल्या त्या घरी ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिसऱ्या मालकाची बायको. मी कुणाचा कोण ते सांगितलं. तिचे हात थांबले.

"कडब्यासाठी इकली," ती म्हणाली. "हिरीनं तळ गाठला हुता. मी खडी फोडाया जात हुते, सुकडी आणून पोरांस्नी घालत हुते. जीप दारात ठिवून काय करायची? चार बैलं हुती. दोन वाचली."

मी म्हणालो, "आजी, आमच्या घरात सांगतात, आबांनी मदत केली."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "तुमी घेतली नसती तर दुसऱ्यानं घेतली असती बाबा. पर घेतली तुमी."

घरी येऊन मी आबांची चोपडी शोधली. पौषात एक ओळ होती : 'जीप ४,००० म्हणतो. थांबावे.' माघात दुसरी : 'जीप २,५००. झाले.'

मी त्या एका शब्दावर अडकून बसलो. आबा सावकार नव्हते. त्यांच्याही घरात खाणारी तोंडं आठ होती. आमच्या विहिरीला पाणी टिकलं, एवढाच दोघांतला फरक. त्यांनी कुणाला फसवलं नाही, खोटी सही घेतली नाही. थांबणं हा कुठल्या कायद्यात गुन्हा आहे? आपणही बाजारात थांबतोच की, संध्याकाळी भाजी उतरेल म्हणून. पण इथं जे उतरायचं होतं ते दुसऱ्याच्या गोठ्यातलं वैरणीचं होतं. दीड हजाराच्या कडब्यात उरलेली दोन बैलं जगली असती का? कोण सांगणार.

मी पुन्हा माणला गेलो. म्हातारीच्या मुलाला चोपडी दाखवली आणि म्हणालो, गाडी विकली तर त्यातला वाटा तुमचा. तो हसला. "आवो, दुष्काळात इकलेलं परत मागायचं म्हटलं तर अर्धा तालुका कागद घेऊन उभा ऱ्हाईल. तुमच्या आबानं आमच्यावर उपकार केलं म्हणून सांगू नगा, तेवढं बास."

परतताना एसटीत हेच डोक्यात फिरत होतं. गाडीचा व्यवहार १९७३मध्ये पुरा झाला, तिथं शिक्का आहे. पण जीपबरोबर आम्ही एक मोठेपणाही घरी आणला होता आणि त्याचे पैसे कुणालाच दिले नव्हते. पन्नास वर्षं तो फुकट वापरला. पैशाचा वाटा त्या माणसानं घेतला नाही. त्याला जे परत हवं होतं, ते द्यायला मला एक रुपयाही लागणार नव्हता, आणि तरी तेच जड होतं. आबांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे.

दिवाळीला पाहुणे आले. शेडकडं बघत एकानं विचारलंच. चुलत्यांनी गोष्ट सुरू करायच्या आत मी म्हणालो, "दुष्काळात एक माणूस कडब्यासाठी जीप विकत होता. आबा महिनाभर थांबले आणि स्वस्तात घेतली."

चुलते माझ्याकडं बघत राहिले. आई उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली, कप माझ्यापुढं ठेवताना हळूच म्हणाली, "त्या म्हातारीची दोन बैलं गेली, तेबी सांगायचं होतंस."