उंबऱ्याबाहेर जाणारं ताट

नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात डिसेंबर मध्यावर आला की कढई चढते. तिच्यातून जे निघतं ते पाहून नव्या माणसाला वाटावं, इथे दिवाळी महिना-दीड महिना उशिरा आली. करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू. सोबत कलकल आणि केक असतात, पण सोबतीलाच. टर्की, पुडिंग, आल्याच्या बिस्किटांची घरं हे सगळं आम्ही गोष्टींच्या पुस्तकांत आणि पुढे टीव्हीवर पाहिलं. आमचा नाताळ तळणाच्या वासाचा. त्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

नगरला, आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघू लागलं. पुढच्या पिढ्यांत या भागातली जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांतली बरीचशी गावकुसाबाहेरची, महार-मांग समाजांतली. जत्रा सुटल्या, रविवारची उपासना आली, मुली शाळेत जाऊ लागल्या. सण कसा करायचा, याचं घरातल्या बायकांकडे मात्र एकच उत्तर होतं: तळण काढायचं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात गहू, साखर, तूप ही काही रोजची चैन नव्हती. वर्षभर जे जपून वापरायचं ते एकदा सढळ हाताने कढईत जाऊ द्यायचं, म्हणजे सण. येशूच्या जन्माला हा नियम का लागू नसावा? चर्चच्या आवारातल्या प्रीतिभोजनालासुद्धा मटणाचा रस्सा, भात आणि बुंदीच असे.

करंजी टिकून राहिली याचं आणखी एक कारण आहे, आणि ते उंबऱ्यावर सापडतं. नाताळचं ताट शेजारी जायचं.

उपासनेहून परत आल्यावर आई ताटं भरायला बसायची. ताटं दोन प्रकारची. एकात केकचे तुकडे, कलकल, करंज्या. दुसऱ्यात केक नाही आणि कलकलही नाहीत, कारण दोन्हींत अंडं. त्याऐवजी दोन करंज्या जास्त, चकल्या आणि लाडू. कोणतं ताट कोणत्या घरी जायचं हे तिला पाठ होतं. काही घरं फक्त संत्री आणि केळी घेत. सालाचं फळ कुणाच्याही हातचं चालतं. एक काकू “आज उपास आहे गं” म्हणायच्या, आणि त्यांचा तो उपास दर २५ डिसेंबरला यायचा. आई त्यावर चकार शब्द काढत नसे. त्यांच्यासाठी संत्र्यांची पिशवी ती आधीच बाजूला ठेवी, आणि दिवाळीत त्यांच्याकडून आलेलं फराळाचं ताट आनंदाने घेई. ताट परत करताना त्यात साखरेची वाटी ठेवी. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत दोन्ही घरांना सारखीच ठाऊक होती.

कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर आपल्याकडे समाजाची उतरंड उभी राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्यावरही बराच काळ आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक वेगळा सांभाळून होत्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात परक्या हातच्या पाण्याशी आणि अन्नाशी चाललेला तो झगडा त्यांनी स्वतःला जराही न सोडता, हसत-हसवत लिहिला आहे. आमच्या घरातलं ताट त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून निघालेलं होतं. म्हणून आईच्या करंजीची मुरड इतकी काटेकोर असायची. शेजारणीने ती घ्यावी, खावी आणि तिला नाव ठेवायला जागा राहू नये, असा तो सगळा बेत होता. करंजी त्यांच्या ओळखीची होती. आत काय आहे हे विचारावं लागत नव्हतं. केक दारातच अडायचा, करंजी आत जायची.

कलकलांचं काम मात्र घरच्यांसाठी. मैदा, थोडा बारीक रवा, साखर, तुपाचं मोहन, अंडं आणि दूध. किनाऱ्यावर यात नारळाचं दूध घालतात. नगरला नारळ महाग, म्हणून म्हशीचं. पीठ घट्ट मळून झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा याच कामासाठी राखून ठेवलेल्या नव्या फणीवर अंगठ्याने दाबत ओढायची आणि ती पट्टी सोडवून स्वतःभोवती गुंडाळायची. दात्यांच्या रेषा बाहेरच्या अंगाला आल्या पाहिजेत. अंगठा जास्त दाबला तर पीठ फणीत रुततं. कमी दाबला तर रेषा उठत नाहीत आणि जोड नीट बसला नाही तर वळलेलं कलकल तेलात उलगडतं. तळून झाल्यावर पाकात घोळवले की अंगावर साखरेचा पांढरट थर धरतो. किलोभर पिठाला एकट्या बाईची दुपार सरते, संध्याकाळही जाते. त्यामुळे घरातली सगळी मुलं कामाला लावली जातात. कच्चं पीठ चोरून खाता येतं म्हणून तीही बसतात.

केक घरात होत नसे, कारण ओव्हन नव्हता. मैदा, साखर, अंडी, लोणी किंवा डालडा सगळं मोजून घरून न्यायचं आणि बेकरीच्या भट्टीवर केक भाजून आणायचे. दिवाळीत लोक तिथेच नानकटाई करून घ्यायचे. पत्र्याच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत आणि तरीही अदलाबदल होई. केकात लाल-हिरवे तुकडे चमकायचे ती टुटीफ्रुटी, म्हणजे पाकात मुरवून रंगवलेली कच्ची पपई. इंग्रजी पद्धतीच्या केकला दारूत मुरलेले मनुके-बेदाणे लागतात. आमच्या केकला पपई पुरली. दारूचा प्रश्नच नव्हता. मिशनच्या शिकवणीत ती घराबाहेरच.

माझी जाऊ वसईची, कॅथलिक. तिच्या माहेरचा नाताळ पाहिला तेव्हा एकाच सणाचा दुसरा स्वयंपाक भेटला. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथे जो ख्रिस्ती समाज रुजला, त्याच्या ताटात मांस, आंबट आणि मसाला तिन्ही आले. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत नाताळाची तयारी खरं तर उन्हाळ्यातच सुरू होते. तेव्हा वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कुटून बॉटल मसाला होतो आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जातो. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. डिसेंबरात डुकराचं इंद्याल शिजतं आणि त्याच्याबरोबर खायला फुगे होतात. फुग्यांचं पीठ पूर्वी ताडीने आंबवत, आता बहुतेक जणी यीस्ट घालतात. ते सैल, ओढाळ पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिळून तेलात सोडायचं. जाऊबाईंच्या आईच्या मुठीतून निघालेला प्रत्येक फुगा गोल आणि आतून पोकळ. माझ्या मुठीतून निघालेल्यांना शेपट्या होत्या, आणि त्या शेपट्यांचं घरात पुष्कळ कौतुक झालं.

इथेही शेजारी ताट जातं. त्यात इंद्याल नसतं. नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, कलकल, दूध आटवून साच्यात पाडलेल्या मिल्क क्रीमच्या वड्या आणि पेरूचं चीज असतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नाताळचं खाणं सगळीकडे दोन भागांत विभागलेलं आहे. एक घरात बसून खायचं, दुसरं उंबऱ्याबाहेर पाठवायचं. घरातलं खाणं मोकळं, झणझणीत, आपल्या आवडीचं. बाहेर जाणारं गोड आणि टिकाऊ, ज्याला शक्यतो कुणी नाही म्हणणार नाही असं. नातेवाइकांत चर्चा होते ती इंद्यालाची. पण गावात एखाद्या घराची ओळख ठरते ती बाहेर जाणाऱ्या ताटावरून.

गोव्यात या पाठवणीला नावच आहे: कोन्सुआद. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट, त्यात नेवऱ्या, दोदोल, दोस, बोलिन्यां, बेबिंका. या ताटामागचा इतिहास तितका गोड नाही. १७३६ मध्ये गोव्यातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढून स्थानिक ख्रिस्ती लोकांना हिंदू चालीरीती वर्ज्य केल्या. त्यात हिंदूंसारखा अळणी भात शिजवायचा नाही, इथपर्यंतची कलमं होती. सत्ता थेट भाताच्या मडक्यात डोकावत होती. तरीही नेवरी राहिली. हिंदू घरांत ती चवथीला होते आणि ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते. नाताळात तीच उलट्या दिशेने परत येते. फर्मान काढणाऱ्यांना मिठाचा विचार सुचला, करंजीचा सुचला नसावा.

पोर्तुगीज गोडधोडात अंड्यांचे बलक आणि बदाम मुबलक. इथे बदाम पिकत नव्हते, म्हणून नारळ पुढे आला आणि हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, नारळासह दोस आटवला जाऊ लागला. मार्झिपान काजूचं होऊ लागलं. तो काजूही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. दोदोलाला तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ लागतो, आणि मिश्रण कडेने तेल सोडेपर्यंत हात थांबवायचा नसतो. बेबिंका तर सहनशक्तीची परीक्षा. बलक, नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ यांचं पातळ मिश्रण; त्याचा एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग द्यायची, तो तांबूस झाला की तूप फिरवून पुढचा थर. निदान सात थर तरी हवेत, आणि घाई केली तर खालचा थर कच्चा राहून सगळंच बसतं. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव राखलं जाईल. धगीपुढे बसायला कुणीतरी लागेलच.

या ताटातलं मूळचं काय आणि बाहेरून आलेलं काय, हा हिशेब मांडायला बसलं तर तो जुळत नाही. मराठी ख्रिस्ती करंजी करतात म्हणून त्यांना ‘अजून जुनंच धरून आहेत’ म्हणणारे भेटतात, आणि केक करतात म्हणून ‘साहेबी’ म्हणणारेही. दोघेही पदार्थाचं मूळ पाहतात. तो कुणासाठी केला, हे कुणी विचारत नाही. ते विचारलं तर नगरची बिनअंड्याची करंजी, वसईचं मिल्क क्रीम आणि गोव्याची नेवरी एका रांगेत येऊन बसतात. तिन्ही पदार्थ शेजाऱ्याला काय चालेल ते पाहून ठरलेले आहेत.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. हा शेजारधर्म बायकांच्या पाठी-कंबरेवर उभा होता. दोन प्रकारची ताटं म्हणजे दुप्पट आठवण, दुप्पट तळण, आणि नाकारलं गेलं तर तेही मुकाट्याने गिळायचं. आता निम्म्या वस्तू विकत येतात. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका नोव्हेंबरातच व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठवतात. याबद्दल हळहळणारे बहुधा आयतं खाणारेच असतात. पूर्वी ज्या श्रमाला ‘छान झालंय’ एवढाच मोबदला होता, त्याचे आता पैसे मिळतात; यात सणाचं काही बिघडलं असं मला वाटत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे कढई चढत नाही. दिवाळीची ही रीत आमच्याकडे नाताळालाही तशीच आली. अशा घरी शेजाऱ्यांनी ताट आणून द्यायचं असतं. वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे सात-आठ घरांची ताटं आली. त्यात उपासाच्या काकूंचंही होतं. त्यांनी शेव आणली होती, आणि आईला समोर बसवून खायला लावली. पुढच्या नाताळाला त्यांनी करंज्या घेतल्या. केक मात्र शेवटपर्यंत घेतला नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या मते अंडं न खाणं ही खाणाऱ्याची मर्जी, आणि ती आधीच्या उपासाहून पुष्कळ वेगळी गोष्ट.

आता मी पुण्यात सोसायटीत राहते. इथे नाताळात मीही ताटं पाठवते आणि सणासुदीला बंद खोकी येतात. खोक्यावर घटकांची यादी असते, हिरवा ठिपका असतो. सगळी सोय झाली आहे, कुणाला काही विचारावं लागत नाही. ताटाच्या वेळी मात्र विचारावं लागतं. “ताई, यात अंडं आहे का हो?” असं नव्या शेजारणीने दारात विचारलं, तेव्हा माझ्या मुलीला ते खटकलं. मला नाही खटकलं. उपासाची सबब आणि हा प्रश्न यांत फरक आहे. सबब सांगणारा दार लावून घेतो. विचारणाऱ्याला खायचं असतं, म्हणून तो विचारतो. मी तिला सांगितलं, केकात आहे, करंजीत नाही. तिने करंजी घेतली, आणि केकची कृती लिहून मागितली, बिनअंड्याची जमते का ते पाहायला. जमते, पण दही घालावं लागतं आणि थोडा जास्त वेळ भाजावं लागतं.