अनुमोदनाचा वाटा

“काका, बारावीचा निकाल लागलाय. पोरं दहा-बारा असतील. थोडी बिअर घेतील, त्याहून जास्त काही नाही. बाहेर कुठेतरी चोरून पिण्यापेक्षा तुमच्या नजरेसमोर घेतलेली बरी. खोकी मीच पाठवतो.”

नेऱ्याच्या पुढे, गाढेश्वरच्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाने तिथे तीन खोल्या आणि एक टाकं बांधलं. शनिवार-रविवारी ते फार्महाऊस भाड्याने जातं आणि बुकिंगचे फोन मी घेतो. खारघर, कामोठे, मुलुंड, ठाणे असे कुठून कुठून आई-बाप बोलतात. मुलं फोन करत नाहीत, पालक करतात. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे लोकांना वाटतं की मी दारूच्या नावानेच विटाळतो. तसं नाही. मोठी माणसं त्यांच्या पैशाने काय पितात, त्याचा हिशेब त्यांनी आणि सरकारने पाहावा. पण सतरा वर्षांच्या पोरासाठी बापच खोकं पाठवतो म्हणाला की मी नाही म्हणतो. फोन ठेवल्यावर मात्र एक जुना प्रश्न मनात घोळत राहतो: पोरगं प्यायलं, तर दोष कोणाच्या खात्यावर?

आपल्याकडे याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिलं वाल्या कोळ्याच्या गोष्टीतलं. वाटमारीच्या पापात वाटेकरी व्हाल का, असं त्याने बायको-मुलांना विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले. ज्याचं कर्म त्याच्या माथी. दुसरं पतंजलींच्या योगसूत्रांतलं. तिथे हिंसेसारखे दोष तीन तऱ्हांचे सांगितलेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि नुसती संमती दिलेले. तिन्ही दोषच, आणि त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध नाहीतर मोह. जैन मुनीही व्रत घेताना याच तीन वाटा बंद करतात.

मला हे भांडण वरवरचं वाटतं. वाल्याच्या घरच्यांनी लुटीचं खाल्लं हे खरं, पण वाट अडव म्हणून त्याला कोणी पाठवलं नव्हतं. म्हणून त्यांना “तुझं पाप तुझं” म्हणता आलं. खोकं पाठवणाऱ्या बापाला ते म्हणता येणार नाही. त्याने करवलंही आणि संमतीही दिली.

हा बाप वाईट माणूस नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो घाबरलेला आहे. नाही म्हटलं तर मुलगा खोटं बोलेल, कुठल्यातरी धाब्यामागे पिईल, मित्रांत एकटा पडेल, आपल्यापासून तुटेल, अशी भीती त्याच्या आवाजात ऐकू येते. यालाच मोह म्हणतात. आणि भाड्यासाठी मी हो म्हटलं, तर माझ्याकडून लोभ. एका खोक्यावर दोघांची नावं लागतील.

“नजरेसमोर” या शब्दावर आई-बापांचा फार भरवसा असतो. महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेत दवंडी पिटली जाते की यापुढे कोणी मद्य गाळायचं नाही, गाळलं तर कुळासकट सुळावर चढवू. पुढे हेच यादव प्रभासक्षेत्री जातात आणि पितात. बलराम, कृतवर्मा, सात्यकी पितात ते प्रत्यक्ष कृष्णासमोर बसून. मग सात्यकी जुनं उणंदुणं काढतो, कृतवर्म्याचं डोकं उडवतो, आणि आपसांतल्या मारामारीत कूळ संपतं. कीर्तनात आम्ही याला ऋषींच्या शापाचा खेळ म्हणतो. पण त्यातलं दुसरंही ऐकायला हवं: दवंडी पिटणारे वडीलधारे समोर बसले आणि गप्प राहिले, की त्यांचं बसणं हीच परवानगी ठरते. देवाच्या नजरेने जे थांबलं नाही, ते माझ्या ओसरीवरच्या नजरेने थांबेल?

शास्त्र बाजूला ठेवलं तरी हिशेब बदलत नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलामुलींचा सहा वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये छापून आला. आई-बापांनी हाताने दिल्यामुळे मूल पुढे जपून पितं, असं त्यात कुठेही दिसलं नाही. उलट त्या मुलांना बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकीच्या दारूसाठी २५. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या कलमात बापाला सवलत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीचा अपघात झाला, तेव्हा ती चालवणाऱ्या, दारू प्यायल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र संतापला. रस्त्यावर दोन तरुण इंजिनिअर मेले होते. पुढे मुलाचे आई-बापही अटकेत गेले. त्यांचा खटला न्यायालय पाहील. आपल्याला मात्र तो निबंध आठवतो, गाडीची किल्ली हातात येईपर्यंत घराघरांत दिले जाणारे होकार आठवत नाहीत.

हे सगळं शहरातल्या फ्लॅटवाल्यांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. आमच्या आगरी हळदीत मांडवामागे काय चालतं ते मी लहानपणापासून पाहतोय. मिसरूड फुटलेल्या भाच्याच्या हातात मामाच ग्लास देतो, “आता मोठा झालास” म्हणतो, आणि आजूबाजूचे हसतात. कोणी हटकलं तर उत्तर तयार असतं: गावदेवाला नाही का दाखवत? दाखवतात, काही देवांना कोंबड्याबरोबर दारूही दाखवतात. पण देवाला वर्षातून एकदा, चार थेंब, सगळ्या गावाच्या साक्षीने. भाच्याला तो नियम कोणी लावत नाही.

एक आक्षेप मला खरा जड वाटतो. आई-बापाने अडवल्यामुळे न प्यायलेल्या मुलाचं त्यात कसलं शील? काहीच नाही, मान्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही होती. प्रत्येकाने ती स्वतःच्या तोंडाने उच्चारली. व्रत असंच घ्यावं लागतं, बापाला मुलाच्या वतीने घेता येत नाही. आमची माळही अशीच आहे. माझ्या मुलाने ती घातलेली नाही, मी आग्रहही केला नाही.

म्हणून माझा नकार मुलाला पुण्यवान करण्यासाठी नाही. तो माझ्या वाट्यापुरता आहे. मुलगा पिईलही, खोटंही बोलेल. ते त्याचं कर्म असेल आणि त्याची समजूत काढायला, रात्री दोन वाजता फोन आला तर न ओरडता त्याला घरी आणायला आई-बाप बांधील आहेत. प्यायलेल्या पोराला घरी आणणं ही माया आहे आणि त्याच्यासाठी खोकं पाठवणं हे अनुमोदन. या दोन्हींत गल्लत करणाऱ्या आई-बापांना एवढंच सांगणं आहे: मुलाने तुमच्यावर रागवावं, चार दिवस अबोला धरावा, तेवढी किंमत मोजा. आणि बुकिंगसाठी मला फोन कराल तेव्हा मुलांची वयं आधी सांगा.